फिरकीचे तीन तांबे

आत्याबाईंचं आठवडाभराचं पिण्याचं पाणी मी एकदा परसातल्या गोडलिंबाला घातलं. वर त्या रिकाम्या तांब्यांत लाडू भरले, आणि घरात आपल्याइतकं शहाणं कोणी नाही म्हणून अंगणभर मिरवले. वय पंधरा, माहेर सोनाळा, आणि अक्कल त्या वयाला शोभेल एवढीच.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन चिखलीला भावाकडे आलेल्या. वेगळं रांधत, वेगळं बसून खात, आणि पीत फक्त आमच्या विहिरीचं पाणी. जवळच्या बीबी गावी नातलगांकडे बैलगाडीतून निघाल्या तरी फिरकीच्या झाकणाचा तांब्या मांडीवर. "पानी अन् मानूस, घरचंच बरं," हे त्यांचं पालुपद.

अशा बाईने मुंबईहून बोटीने द्वारकेला जायचं ठरवलं. सोबत सासरे. जाऊन-येऊन बोटीवरच आठवडा. बांधाबांध महिनाभर आधी सुरू झाली. ट्रंकेत एक वस्तू गेली की पदराला एक गाठ. शेवटी गाठींच्या वजनानं पदर डोक्यावर ठरेना. बोट हलते असं कुणीतरी सांगितलं, तर रोज दुपारी झोपाळ्यावर आडव्या होऊन मला म्हणायच्या, "दे वं झोका! जोरानं! समिंदर काय तुह्यासारखा लाजत येते?"

सासरे हसायचे. "पडशीन, बाई."

"तू पडशीन. मी सराव करून राह्यली."

निघायच्या दिवशी दुपारी मला तीन मोठे तांबे काठोकाठ भरलेले दिसले. सात दिवस पाण्यातूनच जायचं, मग घरून पाणी कशाला? लोणारच्या तळ्याचं पाणी खारं, हे मला ठाऊक होतं. समुद्राचंही असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले; मला नागपूर आणि समुद्र दोन्ही सारखेच लांब. तांबे ओतले, डाळ्याचे लाडू ठासले, फिरक्या घट्ट बसवल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकानं नणंदेला सांगितलं. ती हसता हसता थांबली. "वहिनी, समिंदर खारा राह्यते! अन् आत्या दुसऱ्याचं पानी पेत नाही वं!"

ते परत येईपर्यंत माझं चित्त त्या तांब्यांतच. पाण्याचा पेला उचलला की आत्याबाईंचे कोरडे ओठ दिसायचे. कळवणार कुठे? बोटीला का पत्ता असतो!

परत आले दोघं. सासरे वाळल्या कैरीसारखे. बोटीवर त्यांनी डोकं वर काढलं नव्हतं. झोपाळ्यावर सराव केलेल्या आत्याबाई मात्र ताठ. सासूबाईंनी पहिलं हेच विचारलं, "पानी पुरलं काय?" मी खांबाआड.

"पुरून उरलं," आत्याबाई म्हणाल्या.

संध्याकाळी विहिरीवर त्यांनी मला एकटीला गाठलं. रिकामे तांबे पुढ्यात ठेवले. मी पाय धरायला वाकले, तर खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाल्या:

"दीड दिस तहान दाबली. मंग बोटीवर शेजारी बसलेल्या बाईनं लोटा पुढं केला. जात नाही इचारली मी तिची. तिले लाडू देल्ला. मंग रोज तिच्यासंगंच जेवली. अवं, चाळीस वर्सांनी कोनासंगं बसून जेवली मी! आता पुढच्या साली काशीले जायचं हाये. तांबे तूच भरजो."