आगाशे यांची तीन कोटेशनं

माणसाचं खरं चारित्र्य संकटात नव्हे, खरेदीत दिसतं. हे वाक्य माझं नाही. आमचे शेजारी मुकुंदराव आगाशे यांचं आहे, आणि ते त्यांनी मला प्लॅस्टिकची बादली घेताना ऐकवलं होतं. बादली अकरा दिवसांनी आली.

आगाशे पिंपरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं परचेसमध्ये होते. २०१२ साली न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला आले. भूकंपानंतर शहर पुन्हा उभं राहत होतं आणि सिमेंटपासून स्क्रूपर्यंत सगळं विकत घ्यायचं होतं, म्हणजे माणूस योग्य जागी आला. तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता यांच्याशिवाय त्यांच्या घरातही काही येत नाही. इथल्या रिकार्टन भागात फ्लॉवरचा गड्डासुद्धा ते तीन दुकानांत हाताळतात आणि पहिल्या दुकानातला घेतात. कोणी तोंडी काही सांगितलं की म्हणतात, "लेखी द्या."

"मला बघायलासुद्धा तीनदा आले होते," वृंदावहिनी सांगतात. "तिसऱ्यांदा मीच विचारलं, सँपल ठेवताय की परत पाठवताय?"

"मग ठेवलं ना! तीस वर्षांत एक तक्रार नाही."

"लेखी नाही," वहिनी म्हणतात.

अशा माणसाने एके दिवशी मासेमारीचा फ्लाय रॉड घ्यायचं ठरवलं.

आगाशे शुद्ध शाकाहारी. पण त्यांच्या पलीकडच्या घरातले ट्रेव्हर दर शनिवारी वायमाकारिरी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ट्राउट पकडायला जायचे, आणि आगाशे, ट्रेव्हर यांच्या तोंडी 'मक', बरोबर. ट्राउट समुद्रातून खाडीत शिरतो. ट्रेव्हर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पिसांचा खोटा मासा, म्हणजे फ्लाय, लांब फेकायचे. आगाशे काठावर जाळं धरून उभे. "मी खात नाही," ते म्हणत, "पण इन्स्पेक्शनला काय हरकत आहे?"

मग एका उन्हाळ्यात ट्रेव्हर यांचा उजवा खांदा गेला. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी रॉड गॅरेजमध्ये टांगला आणि शनिवारी टीव्हीसमोर बसू लागले. आगाशेंनी दोन शनिवार वाट पाहिली. तिसऱ्या शनिवारी फाइल उघडली आणि वर लिहिलं, 'रॉड. खांद्यासह.'

अडचण खरीच होती. खाडीवर वारा समोरून येतो. तो कापायला सात-आठ नंबरचा दणकट रॉड लागतो. दुखऱ्या खांद्याला मात्र हलका हवा.

"हलका घेतला तर फ्लाय उलटी येऊन ट्रेव्हरच्याच टोपीत अडकते," आगाशे मला म्हणाले. "आणि जड घेतला तर फ्लाय जाते, पण खांदाही जातो. नितीन, नऊ फुटी की दहा?"

"मला माशांतलं काही कळत नाही हो."

"मासे कोण विचारतंय? मी लिव्हर विचारतोय."

दुकानदार म्हणाला, "हीप्स ऑफ ऑप्शन्स, मेट." आगाशे म्हणाले, "लेखी द्या." शहरातल्या तीन दुकानांकडून त्यांनी बंद पाकिटात कोटेशनं मागवली. एकाने पाकिटात भेट म्हणून कॅलेंडर घातलं. ते अपात्र ठरलं. पण तक्त्यात वजन, लांबी, गॅरंटी यांच्यापुढे 'खांदा' असा रकाना होता आणि तो कोणत्याच दुकानाला भरता येईना. त्या रकान्यापायी हिवाळा अर्धा संपला.

ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या ऐन थंडीतल्या, एका सकाळी मी बागेतून चाललो होतो. गवतावर हिम पडलेलं. मधोमध आगाशे, हातात दुकानातून ट्रायलला आणलेला रॉड, आणि उजवा दंड क्रेप बँडेजने छातीशी करकचून बांधलेला. त्या अवस्थेत ते गवतावरच दोरी फेकत होते. कुत्री फिरवायला आलेली माणसं शिस्तीत लांबून जात होती.

"काय झालं? पडलात का?"

"टेस्ट कंडिशन," ते म्हणाले. "ट्रेव्हरचं कोपर खांद्याच्या वर जात नाही. कपडे वाळत घालताना बघितलंय मी कुंपणावरून. चार दिवस."

"अहो, पण तो म्हणाला का, मला रॉड हवाय म्हणून?"

ते दोरी गुंडाळू लागले.

"सहा वर्षांत या गावात मला 'चल' म्हणून हाक मारणारा तो एकच माणूस आहे," ते म्हणाले. "बाकी सगळे कॅलेंडर इन्व्हाइट पाठवतात."

मीही पाठवतो. आठवडा आधी, रिमाइंडरसकट. मी बँडेजचं सुटलेलं टोक नीट खोचून दिलं.

शेवटी निवड झाली ती दोन हातांनी धरायच्या अकरा फुटी रॉडची. डावा हात ओढतो, उजवा नुसता टेकू देतो, कोपर वर न्यायचं कामच नाही. ऑक्टोबरअखेर आगाशेंनी तो फाइलसकट ट्रेव्हर यांच्या दारात नेला. ट्रेव्हरनी आधी फाइल उघडली. 'खांदा' या रकान्यातल्या कोनांच्या डिग्र्या त्यांनी बोट ठेवून वाचल्या.

"मक, तू माझा खांदा मोजलास?"

"अंदाजे. इथे सही करा. माल सुस्थितीत मिळाला."

ट्रेव्हरनी सही केली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वारा बघतो, मग कळवतो." आगाशे घरी आले आणि दोन दिवस कुंपणाशी घुटमळत राहिले.

शनिवारी सकाळी साडेसहाला कुंपणापलीकडून दणदणीत हाक आली, "कम ऑन, मक!" दोन मिनिटांनी माझ्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर आगाशे, हातात जाळं, पायात थंडीत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला.

"चल रे," ते म्हणाले.

मी पायजम्यावर जॅकेट चढवून गेलो.

खाडीवर पूर्वेचा वारा सुटला होता. ट्रेव्हरनी दोन्ही हातांनी रॉड झुलवला. दोरी वाऱ्याला न जुमानता सरळ लांब गेली. आगाशे जाळं सरसावून काठाशी आले. चौथ्या फेकीला रॉड वाकला आणि शाकाहारी आगाशे "धर! धर!" असं मराठीत ओरडत जँडल्ससकट गुडघाभर पाण्यात शिरले. दहा मिनिटं झुंज चालली. खांद्याने हूं की चूं केलं नाही. आगाशेंनी मासा जाळ्यात घेऊन आम्हाला दाखवला. चांगला हातभर होता.

तो ट्राउट नव्हता, इथल्या समुद्रातला नेहमीचा कहवाई होता. कहवाई कुठल्याही रॉडने मिळतो.