आमच्या खाणीचे दहा अमर खेळाडू

आमच्या खाणीच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास माझ्याइतका कोणालाही ठाऊक नाही. कोणालाही म्हणजे कोणालाही! मी त्या संघाचा स्कोअरर होतो. खेळाडू आले, म्हातारे झाले, गेले; टेबलामागची खुर्ची मात्र माझीच. आणि संघ म्हणजे हौशी पोरांचा घोळका समजू नका. खेळायचा पगार घेणारी माणसं होती ती! कागदोपत्री कोणी फिटर, कोणी पंप ऑपरेटर, पण खाणीत पाय टाकायचे ते फक्त दसऱ्याच्या पूजेला. तेव्हा या संघाच्या इतिहासातले सर्वश्रेष्ठ दहा खेळाडू ठरवायचे कोणी? अर्थात मी!

तुम्ही म्हणाल, बापूराव, हे आत्ताच कुठून सुचलं? तर सांगतो. राजुऱ्याजवळची आमची कॉलनी आता रिकामी झाली आहे. कोळसा संपत आला तशी माणसं गेली. माझ्या ओळीत एका माझ्याच क्वार्टरवर अजून वेल चढलेला नाही. बायको लेकीकडे हैद्राबादला नातू सांभाळायला गेली ती तिकडचीच झाली. दिवसभरात माझ्याशी बोलतो तो दूधवाला, आणि तोही "अर्धा का एक?" एवढंच. मला माणसं हवी होती. भांडायला का होईना! आणि पहिला कोण, दुसरा कोण असं ठरवायला घेतलं की माणूस भांडायला येतोच.

आधी मी क्रमवारी जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. धनराजला मुद्दाम सातवा ठेवला. धनराज! ज्याने कधी पंगतीतसुद्धा दुसऱ्याला आधी वाढू दिलं नाही, तो सातवा! आता भडका उडणार म्हणून मी फोन चार्जिंगला लावून शेजारी बसलो. आले काय, तर अंगठे! नुसते अंगठे. धनराजचाही अंगठाच. कोणी वाचलंच नव्हतं. मला खरंच रडू आलं.

मग म्हटलं, फ्लेक्स! आपल्याकडे माणूस ग्रुपवरचं वाचत नाही, पण चौकातला फ्लेक्स गाडी थांबवून वाचतो. राजुऱ्याच्या रोशनच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. त्याला दहा जुने काळे-पांढरे फोटो क्रमाने लावून दिले. प्रत्येकाखाली तो कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत खेळला ते, आणि वर ठळक अक्षरांत, 'असे खेळाडू पुन्हा होणे नाही!'

रोशनचा चेहरा उतरला. "सगळेच का, काका?"

"सगळेच! एकबी सोडू नको."

"अरेरे... फोटोले हार टाकू?"

"टाक ना! मान आहे त्यायचा."

"समई?"

"एक काऊन? दोन टाक!"

निघताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पोरगा संस्कारी आहे, असं मला वाटलं.

त्याच्याच माणसाने संध्याकाळी फ्लेक्स आमच्या चौकात, एसटीच्या थांब्यासमोर बांधला. मी सकाळी दाढी करायला बसलो, कारण आता भांडायला लोक येणार! अर्धी दाढी झाली आणि ग्रुप पेटला. पहिला मेसेज, 'ॐ शांती.' दुसरा, 'दहाही एकदम?' तिसऱ्याने त्यांची गाडी पलटवली. चौथ्याने ती नदीत टाकली. पाचव्याने ड्रायव्हर फरार झाल्याचं कळवलं! मलाही खरंच वाटलं. मनात आलं, एवढे सगळे एका गाडीतून गेले कुठे, आणि मला बोलावलं कसं नाही?

गालाला साबण तसाच ठेवून चौकात धावलो. फ्लेक्सखाली धनराजची बायको सुगंधाबाई उभी. एका हातात वांग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर ती प्रत्यक्ष मयतालाच झापत होती.

"तुमी घरी चाय पिऊन राह्यले अन् इथी तुमाले हार घातला! लोकं मले भेटाले येऊन राह्यले!"

तेव्हा कुठे मी मान वर करून फ्लेक्स नीट पाहिला. काळे-पांढरे फोटो, हार, प्रत्येकाखाली दोन सालं, दोन समया. आणि खाली मोठ्या अक्षरांत माझं एकट्याचं नाव. अरे देवा!

पाच मिनिटांत धनराज पलीकडच्या वस्तीतून मोटरसायकलवर आला. आता हा मला मारणार, मी ओळखलं. त्याने चष्मा पुसला, फ्लेक्ससमोर उभा राहिला आणि बोटाने फोटो मोजले.

"बापूराव! मेलो त मेलो. पन सातवा काऊन?"

काय सांगू तुम्हाला! कान तृप्त झाले.

"मंग कितवा पायजे तुले? तुझा डावा हात चालतच नव्हता बे!"

"तू टेबलामागं बसून डुलक्या मारे, तुले काय दिसते!"

मग प्रत्येक एसटीतून एकेक मेलेला उतरू लागला. जिवतीहून पत्रू आला, हातात झेंडूचा हार, डोळे लाल.

"नऊ जन गेले म्हनून आलो, भाऊ," माझा हात धरून तो म्हणाला. "मी एकटाच उरलो."

"पत्रू, दहावा फोटो त पाय."

त्याने बराच वेळ पाहिलं. "हा मी व्हय? मंग मले कोनी फोन काऊन नाई केला?"

मैदानातल्या गाई हाकलून आम्ही तिथेच बसलो. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सुगंधाबाईच्या गल्लीतल्या बायांनी पिठलं-भात पाठवला होता. तो मेलेल्यांनीच संपवला. भांडण तर असं रंगलं, की वर्षभराची माझी उपासमार एका दिवसात भरून निघाली. नऊ जण आले. नव्हता तो फक्त पहिला. लटारू, आमचा सर्वांत उंच गडी. निवृत्तीनंतर गडचिरोलीला राहायला गेला, आणि त्याचा नंबर कोणाकडेच नव्हता.

"पहिल्या नंबरचा माज आहे त्याले!" धनराज म्हणाला.

संध्याकाळच्या गाडीतून एक उंच बाई उतरली. सरळ फ्लेक्सपाशी गेली, लटारूच्या फोटोला हात लावला आणि मग विचारत विचारत माझ्यापाशी आली.

"काका, मी लटारूची स्वाती. मागच्या पोळ्याले बाबा गेले. कळवाचं कोनाले होतं? मले वाटलं, त्यायले कोनी ओळखतच नाई आता. आज मोबाईलवर हा बोर्ड पायला. तुमाले कसं कळलं, काका?"

मला कळलं नव्हतं हो! मी धनराजकडे पाहिलं. शेवटी धनराजच उठला.

"पहिला तोच होता, पोरी. कोनालेबी विचार."

सगळ्यांनी माना हलवल्या. दिवसभरात एवढ्या एकाच गोष्टीवर कोणी भांडलं नाही. स्वाती पदर तोंडाला लावून रडली, आणि आम्ही म्हातारेही रडलो. मला फार लाज वाटली. पहिल्या नंबरचा माणूस गेल्याची मला खबर नाही, आणि मी निघालो होतो इतिहास सांगायला!

शेवटच्या गाडीने सगळे गेले. मोटरसायकलला किक मारता मारता धनराज हळूच म्हणाला, "मंग मी आता सहावा झालो न?"

"नाई. सातवाच."

तो रागावून गेला.

दुसऱ्या दिवशी मी फ्लेक्स उतरवला, लटारूचा फोटो नीट कापून स्वातीला पाठवला. तेव्हापासून रोज सकाळी माझा फोन वाजतो. कधी धनराज, कधी पत्रू, कधी आणखी कोणी. "बापूराव, जिवंत आहो. बोर्ड लावू नको!" एवढं म्हणतात आणि ठेवतात. प्रेम कसलं, धास्ती आहे! पण मी फोन लगेच उचलत नाही. चार-पाचदा वाजू देतो. बापूराव फोन हातात घेऊनच बसला होता, असं त्यांना कळायला नको!