पाटकरअण्णांचं अर्धं नाव

चूक माझीच होती. पाटकरअण्णांनी विश्वासाने जपायला दिलेलं अर्धं नाव मी शर्टाच्या खिशात विसरलो आणि तो शर्ट आमच्या मशीनमध्ये धुऊन, पिळून, गॅलरीत वाळतसुद्धा पडला. खिशातून निघाली एक पांढरी, कडक गोळी.

"कुणाची चिठ्ठी होती?" हिने विचारलं.

"पाटकरअण्णांची."

"काय होतं त्यात?"

"अर्धं नाव."

"कुणाचं?"

"ते मला माहीत नाही. उघडायची परवानगी नव्हती."

लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईला असली उत्तरं देऊ नयेत. पुढचे दोन दिवस माझे सगळे खिसे न सांगता तपासले गेले.

पाटकरअण्णा आमच्या खालच्याच मजल्यावर एकटे राहतात. पनवेलच्या बाजारपेठेत त्यांचं कुलपांचं आणि तिजोऱ्यांचं दुकान आहे. गावातली निम्मी लोखंडी कपाटं कधी ना कधी अण्णांनी उघडून दिलेली. चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडत आल्यामुळे कुठलंही कुलूप खरोखर बंद असतं यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात. मग जिना उतरायला लागतात आणि दोन पायऱ्यांवरून एकदम मागे वळून बघतात. कुलूप बेसावध असताना सापडावं म्हणून.

माणसांच्या बाबतीतही तेच. दूधवाला लवकर आला तर "आज एवढी घाई कसली?" उशिरा आला तर "होता कुठे?" आणि महिनाभर अगदी वेळेवर आला तर मला जिन्यात गाठून, "कुलकर्णी, हा रोज बरोबर सहालाच कसा काय येतो? लक्ष असू द्या."

'लक्ष असू द्या' हे अण्णांचं पालुपद. ते निरोप घेतानाही 'अच्छा' म्हणत नाहीत, 'लक्ष असू द्या' म्हणतात.

अशा माणसाच्या आयुष्यात वेबसाइट शिरली ती दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराला. द्रोणागिरीच्या एका गोदामाचा मॅनेजर अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. त्याने सगळ्या दारांची कुलपं पळस्प्याच्या कुणा नव्या माणसाकडून बसवून घेतली. वर अण्णांनाच म्हणाला, "अण्णा, मी इंटरनेटवर शोधलं हो. पहिला तो आला. तुम्ही कुठेच नव्हता."

अण्णा तडक माझ्याकडे आले. बिल्डिंगमधला पहिला कॉम्प्युटर माझ्या घरी आला, म्हणून मी त्यातला जाणकार. प्रत्यक्षात मला त्यावर पत्त्यांचा डाव लावता येतो, तोही लागत नाही.

"हे शोधून देणारं यंत्र कुणाचं?" अण्णांनी विचारलं.

"परदेशातली कंपनी आहे."

"शोधून द्यायचे घेतात किती?"

"काही नाही. फुकट."

अण्णांनी आपली खुर्ची कॉम्प्युटरपासून वीतभर मागे सरकवली. "अख्ख्या जगाला? दिवसभर? फुकट? आणि तुम्ही त्यात आपल्या हाताने लिहिता, आम्हाला काय पाहिजे ते? लक्ष असू द्या, कुलकर्णी!"

मग मी त्यांना सांगितलं की शोधात यायचं तर आपली साइट काढावी लागते, साइटला नाव लागतं, ते चांगलं असलं तर शोधात वर येतं, आणि एक नाव जगात एकालाच मिळतं. आधी घेईल त्याचं. हे शेवटचं सांगायला नको होतं.

"म्हणजे माझं नाव दुसरा कुणीही उचलू शकतो?"

"तसं... हो."

त्या दिवसापासून अण्णा कुजबुजायला लागले. साइटला 'ते काम' म्हणायला लागले. नाव त्यांनी मनात ठरवलं होतं, पण ते मलाही सांगेनात. एकदा मी जिन्यात सहज मोठ्याने विचारलं, "काय अण्णा, मिळालं का नाव?" तेव्हा समोरून गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस येत होता. अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी आले ते चिठ्ठी घेऊन. चार घड्या, चार स्टेपलच्या पिना, वरून चिकटपट्टी. "बँकेच्या लॉकरला दोन चाव्या असतात ना? तसं. अर्धं नाव तुमच्याकडे, अर्धं माझ्या कपाटात. मला काही झालं तर दोन्ही जोडा आणि ते काम पुरं करा. तोवर उघडायचं नाही."

हीच ती चिठ्ठी. तिची गोळी झाल्यावर आमच्या घरातही संशयाला पाय फुटले. "कुलपाच्या दुकानाच्या नावात एवढं लपवण्यासारखं काय असतं?" ही म्हणाली. "काहीतरी वेगळंच असणार. तुम्हाला आपलं भोळं बघून धरलंय त्यांनी." मला 'भोळं' तेवढं खटकलं, पण मनात मीही तेच म्हणत होतो. अण्णा कसली भानगड तर करत नाहीत ना?

शेवटी गोळी घेऊन मी खाली गेलो आणि कबूल केलं. अण्णांनी ती भिंगाखाली धरून सगळ्या बाजूंनी तपासली. "अक्षर लागत नाही," ते समाधानाने म्हणाले. "कुणी वाचायचा प्रश्नच नाही. पण आता थांबायला नको. रविवारी जाऊ."

रविवारी आम्ही सोनटक्के मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेलो. मॅडम साइट बनवून देतात. क्लास रिकामा होता. अण्णांनी आधी दार लावलं, तीनदा ओढलं, मग पडद्यावरच्या छोट्या कॅमेऱ्यावर आपली टोपी घातली.

"मॅडम, एकदम खरं नाव टाकायचं नाही. मी दहा नावं सांगतो, ती मोकळी आहेत का बघा. खऱ्याला मी खोकेन."

मॅडम एकेक नाव टाकून बघायला लागल्या. कर्नाळा मसाले झालं, पनवेल मंडप झालं, उरण सुकी मासळी झाली.

"मासळीचं मोकळं आहे अण्णा. घेऊन टाकू?"

"पुढे चला."

सातव्या नावाला अण्णा खोकले. पाटकर-मुकादम.

मी चमकलो. दुकानाच्या पाटीवर तर नुसतं 'पाटकर' आहे. हा मुकादम कोण?

"मोकळं आहे," मॅडम म्हणाल्या, "पण अण्णा, हे घेऊ नका. नावात पनवेल ठेवा, लॉक ठेवा. लोक तेच शब्द टाकतात. मग तुम्ही वर दिसाल, गिऱ्हाईक येईल. पाटकर-मुकादम असं कोण टाकून शोधणार?"

"एक जण टाकतो," अण्णा म्हणाले. पहिल्यांदाच न कुजबुजता.

मग कीबोर्डकडे बघत त्यांनी सांगितलं. दुकान दोघांनी मिळून काढलं होतं. यासीन मुकादम तिजोरीला कान लावून उघडायचा, अण्णा चाव्या घासायचे. उरणच्या एका शेठची तिजोरी दोघांनी दुरुस्त केली आणि आठवड्यात ती रिकामी झाली. कुलूप न तोडता.

"मी त्याला काही बोललो नाही हो. एका शब्दाने नाही. फक्त दुकानाचं कुलूप बदललं. सकाळी तो नेहमीसारखा आधी आला, चावी लावली. लागली नाही. त्याला काय सांगायला पाहिजे? लोखंडातला माणूस. मी आलो तेव्हा पायरीवर त्याची चावी होती. तो नव्हता. महिन्याभरात मस्कतला गेला. पुढे शेठचा मेहुणाच सापडला."

"फोन करायचा होतात," मी म्हणालो.

"नंबर आहे. त्याच्या भाच्याने दिला, मोहल्ल्यातला. फोन करून बोलू काय? पण तो भाचा मध्यंतरी दुकानात म्हणाला, 'चाचा, मामू तिकडे कॉम्प्युटरवर बसले की जुन्या दुकानाचं नाव टाकून बघतात. काय निघत नाय.'" अण्णांनी टोपी कॅमेऱ्यावरून काढून हातात धरली. "ते नाव दुसऱ्याने घेतलं असतं, तर त्याने टाकल्यावर भलताच माणूस निघाला असता. त्याला वाटलं असतं, पाटकरने आपली जागा तिसऱ्याला दिली."

मॅडमनी पुढची तीन नावं विचारली नाहीत. सातवं नोंदवलं. "शोधात दिसायला थोडे दिवस लागतील," त्या म्हणाल्या, "पण हे नाव दुसऱ्या कुणाचंच नाही. त्यांनी टाकलं की पहिले तुम्हीच."

"आणि द्रोणागिरीचा मॅनेजर?" मी विचारलं.

"तो जाऊ दे पळस्प्याला."

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबवून तिने ऐकून घेतलं. माझ्या भोळेपणाबद्दल काहीतरी निघेल म्हणून मी तयारीत होतो. तिने परातीत थोडं पाणी घातलं.

"नाव लावलं ते बरं केलं," ती म्हणाली, "पण खाली जाऊन विचारून या, दुकानाला ते जुनं कुलूप परत बसवलंय का. माणूस आला, त्याची चावी त्याला परत दिली, तर ती लागायला नको?"