डॉ. ऐकलं हो

"अहो, टेरेलचे पाय परत दाराबाहेर आलेत. मला ओलांडून जावं लागतंय," प्रमोदिनी जिन्यावरून ओरडली.

"मग मी काय करू? कापू?" डॉक्टर शशिधर खरवंडीकर स्वयंपाकघरातून म्हणाले.

टेरेल हा साउथहॅम्प्टन डॉकर्स या बास्केटबॉल संघाचा अमेरिकन खेळाडू. उंची पावणेसात फूट, आणि क्लबने त्याची सोय केली होती ती खरवंडीकरांच्या बॉक्सरूममध्ये, जिथे त्याआधी शिवणाचं मशीन आणि तांदळाची पोती मुक्कामाला असत. सत्त्याऐंशी सालचा हंगाम नुकताच सुरू होत होता. संघ व्यावसायिक होता खरा, पण खेळाडूला हॉटेलात ठेवण्याइतका नव्हता. त्यातून शशिधर क्लबचे डॉक्टर, तेही बिनपगारी, म्हणजे हे धूड ओघानेच त्यांच्या गळ्यात पडलं.

बिनपगारी का, तर त्यामागे एक जुनं दुखणं होतं. शशिधर हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत इतकी वर्षं राबत होते, पण तिथल्या एकाही माईच्या लालाने त्यांचं आडनाव शेवटपर्यंत उच्चारलं नव्हतं. कुणी 'खर'वरच दम टाकायचा, कुणी 'वंडी'त अडकायचा. शेवटी सगळ्यांनी मिळून त्यांचं 'डॉक्टर के' करून टाकलं. आता माणसाने काय एका अक्षरावर जन्म काढायचा? म्हणून क्लबचा सेक्रेटरी ब्रायन विचारायला आला तेव्हा शशिधरांनी एकच अट घातली. "पैसे नकोत. सामन्याच्या प्रोग्रॅममध्ये माझं नाव छापा. पूर्ण. काटछाट न करता." ब्रायन म्हणाला, "ऑफ कोर्स, डॉक!" इंग्लंडात 'ऑफ कोर्स' म्हणाले की समजावं, काम बोंबललं.

टेरेल चौकटीखालून वाकून आत आला. "मॉर्निंग, डॉक अहो!"

शशिधरांची सुरी लोण्यातच राहिली. प्रमोदिनीने चटकन सिंककडे तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलायला लागलेच.

"हा मला काय म्हणाला?"

"बाबा, तो होल डे आईला ऐकतो ना," मंजिरी कॉर्नफ्लेक्स चावत म्हणाली. "आई अहो म्हणते. त्याला वाटला ते तुमची नाव आहे." मुलगी साउथहॅम्प्टनलाच जन्मलेली, त्यामुळे तिचं मराठी लिंगाच्या बाबतीत उदार होतं.

"मग सांग त्याला, ते नाव नाही म्हणून!"

"मग काय आहे? लाइक, डार्लिंग?"

"डार्लिंग काय, डार्लिंग! अगं, ते आदराने म्हणतात."

"लाइक, सर?"

"सर तर मुळीच नाही," प्रमोदिनी सिंकमध्ये बघत म्हणाली.

एवढ्यात टेरेल पाच थालीपिठं फस्त करून सरावाला निघूनही गेला. विषय तिथेच राहिला, आणि शशिधरांनी तो तसाच राहू दिला, ही त्यांची चूक.

पहिल्या सामन्याला त्यांनी स्पोर्ट्स हॉलच्या दारातच प्रोग्रॅम विकत घेतला. मागच्या पानावर छापलं होतं, 'क्लब डॉक्टर: डॉ. ए. हो.'

"तुम्ही दिलेली चिठ्ठी कुठेतरी हरवली," ब्रायन खुशीत म्हणाला. "बरं झालं टेरेल तुमच्या घरात राहतो ते. त्याला विचारून घेतलं. छोटं, सुटसुटीत नाव आहे तुमचं. उगाच काळजी करत होता."

शशिधरांनी घरी येऊन फोन लावला आणि नाव एकेक अक्षर करून सांगितलं. "एस फॉर शुगर..." इथेच गोची झाली, कारण ब्रायन म्हणाला, "शुगर? थांबा, लिहून घेतो." शशिधर पहिल्यापासून परत सुरू झाले. पंधरवड्याने पुढचा प्रोग्रॅम आला. 'क्लब डॉक्टर: डॉ. ए. हो. मदतनीस: एस. खारवंडी.'

"मी माझाच मदतनीस!" शशिधरांनी कपाळावर हात मारला.

"असू दे हो. निदान निम्मं आडनाव तरी आलं," प्रमोदिनी म्हणाली.

तोवर संघातले झाडून सगळे खेळाडू त्यांना अहो म्हणायला लागले होते. "अहो, माझा गुडघा बघा." "अहो, पाठ चोळून द्या." एकेक असा धिप्पाड बाप्या घामाने निथळत येई आणि इतक्या लाडाने अहो म्हणे की शशिधरांच्या अंगावर काटा यायचा. संक्रांतीच्या तिळगुळाला महाराष्ट्र मंडळातल्या माधवने सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो डॉक्टर, घरी एक आणि बाहेर नऊ? झेपतं का?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शशिधरांनी तिळगूळ कडाकडा चावून खाल्ला आणि गोड एक शब्दही बोलले नाहीत.

त्यात टेरेलचा खांदा निखळला. शशिधरांनी मैदानातच तो झटक्यात बसवला, टेरेल उठून परत खेळला आणि हरत आलेला सामना डॉकर्सनी जिंकला. दुसऱ्या दिवशी गावातल्या पेपरात मथळा आला, 'डॉ. हो यांच्या हाताची जादू'. झालं! हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात हाँगकाँगचे एक खरेखुरे डॉक्टर हो होते. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी कॉरिडॉरमध्ये थांबवून त्यांचं अभिनंदन केलं. डॉक्टर हो स्वभावाने भिडस्त, ते थँक यू म्हणाले. पुढे मेयरच्या मेजवानीचं बोलावणंही त्यांनाच गेलं आणि ते सपत्नीक जाऊन रोस्ट लँब जेवून आले. शशिधर शाकाहारी होते, पण प्रश्न मटणाचा नव्हता.

इकडे प्रेक्षकांना त्या नावाची चटक लागली. शशिधर बॅग घेऊन मैदानात उतरले की अख्खा हॉल पाय आपटत ओरडे, "आ-हो! आ-हो!" आणि लोक असे ओरडले की संघ हमखास जिंके. आता तर ब्रायन नाव बदलायचं कानावरच घेईना. "डॉक, लीगमध्ये आपण तळाशी होतो. हे नाव लकी आहे."

शेवटी शशिधरांनी दुखण्याच्या मुळावर घाव घालायचं ठरवलं. "हे बघ, आजपासून तू मला नावाने हाक मारायची."

"इश्श! काहीतरीच काय!" प्रमोदिनी लाल झाली. "लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं पुरे."

"उखाण्यातसुद्धा 'डॉक्टररावांचं नाव घेते' म्हणून निसटलीस तू! ते काही नाही. अहो बंद म्हणजे बंद."

अहो बंद झालं, पण जिभेवर नावही चढेना. मग ती पातेल्यावर डाव वाजवून त्यांना बोलवायला लागली, आणि फारच नड असली तर, "ऐकलं का?" बॉक्सरूममध्ये टेरेलने हे ऐकलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रोग्रॅममधल्या त्या 'ए.'चं पूर्ण नाव काय, हे कोडं त्याला किती दिवस छळत होतं! पुढच्या प्रोग्रॅममध्ये ठळक अक्षरांत आलं, 'क्लब डॉक्टर: डॉ. ऐकलं हो.'

त्या दिवशी शशिधर जेवले नाहीत.

मार्चमध्ये हंगामाचा शेवटचा सामना आला. जिंकले तर डॉकर्स प्ले-ऑफमध्ये, हरले तर टेरेलला अमेरिकेचं विमान. हॉल गच्च भरला होता. मंडळातली माणसंही झाडून आली होती, प्रमोदिनी पहिल्या रांगेत होती. मध्यंतरात शशिधरांनी ब्रायनला गाठलं. सामन्यानंतर माइकवरून सगळ्यांचे आभार मानायचं काम त्याच्याकडेच होतं.

"आज नाव बरोबर घ्यायचं. म्हणा, ख. र."

"कॅर."

"कॅर नाही हो! ख! घसा साफ करतो तसं!"

खेळ सुरू झाला तरी शिकवणी संपेना. ब्रायन 'वंडी'पर्यंत पोचला होता, आणि डॉकर्स एका गुणाने मागे असताना तिकडे टेरेल आदळला. त्याचं बोट भलत्याच दिशेला वळलेलं. तो कळवळत होता आणि डॉक्टरांचा पत्ता नाही. प्रमोदिनीने इकडेतिकडे पाहिलं, तर नवरा मैदानाला पाठ करून उभा. अहो तर बंद होतं. डाव-पातेलं घरी. तिने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा, साऱ्या मंडळासमोर किंचाळली, "शशिधर!"

शशिधरांनी ऐकलं. कुणीतरी बाई कुणालातरी बोलावतेय बिचारी, असं वाटून ते पुन्हा 'वंडी'तल्या 'डी'कडे वळले.

"शशिधर! अरे देवा! शशिधर!"

आता मात्र प्रेक्षकांचा धीर सुटला. पाय आपटायला लागले, "आ-हो! आ-हो!" शशिधर ताडकन वळले, बॅग उचलून धावले आणि त्यांनी बोट खेचून जागेवर बसवलं. टेरेलने पट्टी बांधलेल्या हाताने शेवटचा चेंडू टाकला. तो रिंगवर रेंगाळला, आणि आत पडला.

एका गुणाने जिंकले! गोंगाट जरा निवल्यावर ब्रायनने माइक घेतला, घसा साफ करतात तसा केला आणि म्हणाला, "आणि आपले डॉक्टर, शशिधर खरवंडीकर!"

एक मात्रा चुकली नाही. शशिधर भरल्या डोळ्यांनी उठून उभे राहिले.

हॉलमध्ये सामसूम. एकही टाळी नाही. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "हा कोण? मदतनीस ना? मग डॉक्टर हो कुठे गेले?" वरून कुणीतरी ओरडलं, "वुई वाँट आहो!" मग सगळेच ओरडायला लागले.

शशिधर तरातरा माइकपाशी गेले. नाव म्हणजे काय, यावर चांगलं खरमरीत बोलायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी त्या हजारभर उत्सुक चेहऱ्यांकडे पाहिलं, हताश सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "मीच अहो."

छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

टेरेल आणि मंजिरी संघाबरोबर पिझ्झा खायला गेले. गाडीत दोघंच होती.

"हरलो बुवा मी," शशिधर म्हणाले. "जाऊ दे. तू आपली खुशाल अहो म्हणत जा."

"नको."

"का?"

"ते माझं होतं." ती खिडकीबाहेर बघत होती. "एकटीचं. वर्षभर तुम्ही आपल्याच नावाचं रडगाणं गात होतात. माझं काय गेलं ते विचारलंत एकदा तरी? साऱ्या गावाने उष्टं करून ठेवलेलं अहो आता मी वापरू?"

बोलताना तिचा आवाज चिरकला. साऱ्या हंगामात ही गोष्ट शशिधरांच्या डोक्यात एकदाही आली नव्हती आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"मग काय म्हणशील मला?" त्यांनी हळूच विचारलं.

ती अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाली, "शशिधर."

मघाशी हेच नाव माइकवरून गरजलं तेव्हा असं काही झालं नव्हतं. आता मात्र त्यांचे कान गरम झाले, हात स्टिअरिंगवर घट्ट बसले आणि वय पंचवीसवर आलं.

"परत म्हण."

"शशिधर," ती म्हणाली, "घर मागे राहिलं."