तामलवाडीच्या खाणीची समक्ष पाहणी

कोणतीही वस्तू प्रत्यक्ष पाहिली की तिच्याविषयीचं मत बिघडतं. म्हणूनच पूर्ण विचारांती पाहणी अहवालाची सोय झालेली आहे. गौरीशंकर अप्पा हे या सोयीचे जुने सेवक. एका खात्यात (कोणत्या ते विचारू नये, पेन्शन चालू आहे) त्यांनी अठ्ठावीस वर्षं दगडखाणींची पाहणी केली. एकूण पाहण्या दोनशे बारा. विश्रामगृहात बसून खाल्लेले डबे दोनशे बारा. प्रत्यक्ष गाठलेल्या खाणी शून्य. काम इतकं नेटकं, की वरिष्ठांनी एकदाही शेरा मारला नाही.

निवृत्तीनंतर अप्पांनी पुण्याहून फिरतं घर भाड्यानं आणलं. म्हणजे पलंग, शेगडी, फ्रिज आणि संडास असलेली लांबलचक पांढरी गाडी. हे सगळं घरीही होतंच, पण ते हलत नाही ही उणीव त्यांना साठाव्या वर्षी जाणवली. तुळजापूर झालं, तेरचं संग्रहालय झालं. तिथून निघताना त्यांच्या पत्नी शिवप्रियाताई म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं पहाटे उठून डबे करून दिले. ती तामलवाडीची खाण एकदा दाखवा की मला."

अप्पांनी सबबी काढल्या. रस्ता खराब आहे म्हणाले, धूळ लई असते म्हणाले, शेवटी गुडघाही दुखवून पाहिला. ताईंनी मोबाईलवर नकाशा लावला. वाट विचारायची वेळ आली असती तर भर रस्त्यात अब्रू गेली असती, तेवढी त्या मोबाईलनं राखली.

खाण मात्र बघण्यासारखी निघाली. डोंगर आतून खरवडून नेलेला, तळाशी पोकलेन, कडेला धडधडणारा खडीचा क्रशर. "हो हो, अगदी अशीच होती," अप्पा म्हणाले. तेवढ्यात गाडी खाणवाल्यांच्या नजरेस पडली आणि क्रशर बंद झाला. पांढरी गाडी, खिडकीला पडदे, आत एसी. साहेबाशिवाय कोण असणार? तीन मिनिटांत टँकरनं पाणी मारून धूळ बसवली गेली, हेल्मेटं बाहेर आली (किमतीच्या चिठ्ठ्यांसकट), आणि मुकादम शरणप्पा शहाळं घेऊन पुढं झाला.

"मी साहेब नाही हो. रिटायर झालोय. सहलीला आलोय."

"समदेच सायेब असं म्हणत्यात," शरणप्पा समजूत काढत म्हणाला. "खाणीत सहलीला कोण येतंय?"

अप्पांनी शहाळं हातात घेतलं. चालू खाण बघायला ते आले आणि त्यांना बघून खाण बंद पडली. ते नोकरीत होते तेव्हा ती बिनघोर चालायची.

गाडी पाहून खाणीच्या कडेला राहणारी रुद्रम्मा लगबगीनं आली. वय सत्तरीचं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद.

"सायेब, सुरुंगानं माज्या घराला तडा गेलाय. आता तिसऱ्या सोमवारी ह्या अंगानं सुरुंग लावणारेत. भिंत राहायची न्हाय बघा. एवढं बघून लिवून द्या."

शिवप्रियाताईंनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. "समक्ष पाहणी केली. सदर ठिकाणी घर आढळून आले नाही. सबब तड्याचा प्रश्न उद्भवत नाही." खालची सही त्यांनी पोरांच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहिली होती.

तर्क बिनतोड होता. अप्पांना त्याही क्षणी त्याचा थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला बोला.

"डबा कुठं खायचात?" ताईंनी एवढंच विचारलं.

"विश्रामगृहात," अप्पा म्हणाले. मग मात्र त्यांना लाज वाटली. अशी की शहाळं कुठं ठेवावं ते कळेना.

रुद्रम्माच्या घरात अप्पांचा हात तड्यात मनगटापर्यंत गेला. फटीतून पलीकडची खाण दिसत होती. परत येऊन त्यांनी फिरत्या घरातल्या घडीच्या टेबलावर आयुष्यातला पहिला खरा अहवाल लिहिला. घर आहे. तडा आहे. आत बाई राहते.

शरणप्पानं तो वाचून मान डोलावली. "झ्याक लिवलंय. पर शिक्का?"

शिक्का खात्यात राहिला होता.

"म्हंजी बगितलं नव्हतं तवा चाललं," रुद्रम्मा म्हणाली, "आन् बगितलं तर चालंना व्हय?"

नियम तसाच आहे. म्हातारीला तो पटेना (शिक्षणाचा अभाव, दुसरं काय).

मग अप्पांना एक कलम आठवलं. अठ्ठावीस वर्षांत कोणत्याही अर्जदाराला त्यांनी ते चुकूनही सांगितलं नव्हतं. पाच पंचांच्या सह्या असल्या तर शिक्का लागत नाही आणि सुरुंग थांबवावा लागतो. पंचाला हकीकत ठाऊक असली म्हणजे झालं. पहिली सही अप्पांनी केली, दुसरी ताईंनी. शरणप्पाला नेमकं तेव्हाच क्रशर सुरू करायचं आठवलं, आणि गावातल्या बाकीच्यांच्या चुली त्याच क्रशरवर पेटतात. त्यामुळं तीन जागा रिकाम्या आहेत.

घर कुठं आहे, तडा केवढा आहे, सुरुंग कधी लागणार आहे, ही सगळी हकीकत आता वाचकांनाही ठाऊक झालेली आहे. तेव्हा पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर सांगावा.

काय म्हणता? घर गोष्टीतलं आहे, खरं नाही? बरं. तसं रुद्रम्माला कळवतो.