कावेरीबाईंची तुळई

एका जंगलात, बाळांनो, सगळं ठीक चाललं होतं. त्यामुळे तिथल्या राजाला चैन पडेना.

राजा अर्थातच सिंह होता. त्याचा दरबार वडाखाली भरायचा. वडाची सावली दाट होती, फुकट होती आणि तिला डागडुजी लागत नव्हती. पण शेजारच्या जंगलात म्हणे सभागृह झालं होतं. तिथला सिंह सभागृहात जांभई देतो आणि ती घुमते, असं कोल्हा सांगून गेला.

"आपली जांभई घुमत नाही," राजा म्हणाला. "हे चालणार नाही."

झालं. सभागृह ठरलं.

सभागृह म्हटलं की इंजिनिअर आला. शेपटे नावाचा एक वानर होता. पलीकडे माणसांचा पूल बांधला जात होता तेव्हा हा शेजारच्या झाडावर बसून चिंचा खात होता. एवढ्या अनुभवावर त्याची नेमणूक झाली. हसू नका. तुमच्या गावचा पूल कुणी बांधला ते आधी घरी विचारून या.

त्या पुलाच्या कामावरून शेपटेसाहेबांनी दोन ब्रॅकेट उचलून आणले होते. ब्रॅकेट म्हणजे काय ते नीट ऐका, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच उभी आहे. खांबाच्या डोक्यावर एक जाड स्क्रू असतो. स्क्रूवर लोखंडी खोबण. त्या खोबणीत तुळईचं टोक ठेवायचं. स्क्रूचा दांडा एकीकडे फिरवला की टोक वर जातं, उलटा फिरवला की खाली येतं. दोन्ही टोकं एका पातळीत आली की पान्हा घ्यायचा आणि नट आवळायचा. नट आवळला की स्क्रू हलत नाही. काम संपलं, घरी जायचं.

इतकं सोपं. पण सोपं काम या जंगलाला सोसत नसे.

तुळईसाठी ऐनाचं एक सरळसोट झाड निवडलं गेलं. झाड रिकामं आहे, असं शेपटेसाहेबांनी खाली उभं राहूनच ठरवलं.

झाड रिकामं नव्हतं. त्याच्या ढोलीत कावेरीबाई धनेश होत्या.

धनेश पक्ष्यांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. अंडी घालायची वेळ आली की बाई ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, बस. आत तिची पिसं झडतात. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही. तोवर नवऱ्याने उंबरं आणायची आणि फटीतून भरवायची. कावेरीबाईंनी दार लिंपलं होतं, अंडी घातली होती, आणि त्यांचा नवरा दत्तोबा उंबरं आणायला गेला होता.

तो परत आला तर झाड आडवं.

गजाक्का हत्तिणीने ते मुळापासून हलवून अलगद खाली निजवलं होतं, झोपलेलं पोर गादीवर ठेवावं तसं. तिच्या कामात घिसाडघाई नसे. म्हणून तर तिला कुणी इंजिनिअर केलं नव्हतं.

"अगं, आहेस का?" दत्तोबा फटीपाशी ओरडला.

"आहे! पण उभ्याची आडवी झालेय. अहो, बाहेर चाललंय काय?"

"सभागृह."

"मग दुसरं झाड घ्या म्हणावं."

"तू आधी बाहेर ये."

"येऊ कशी? पिसं झडलीत. आणि आमच्या घराण्यात मुदतीआधी कुणी दार फोडलेलं नाही. माझ्या आजीने वणव्यातसुद्धा फोडलं नाही."

"मग आजीचं काय झालं?"

"तो विषय आत्ता कशाला?"

दत्तोबा तसाच शेपटेसाहेबांकडे उडाला.

"साहेब, तुळईत माझी बायको आहे."

"तुळईत राहायची परवानगी घेतली होती?"

"ती तुळई नव्हती. झाड होतं!"

"आता तुळई आहे. म्हणजे अतिक्रमण तुमचं."

"अहो, आम्ही आधीपासून होतो, तुळई आज झाली!"

"अतिक्रमण नेहमी आधीपासूनच असतं," शेपटेसाहेब शांतपणे म्हणाले आणि शेपटीने पाठ खाजवू लागले.

दत्तोबा भांडकुदळ होता, पण मूर्ख नव्हता. तुळई परत झाड होणार नाही हे त्याला कळलं. अंडी वाचवायची तर एकच उपाय होता. तुळई समतल राहिली पाहिजे. तिरकी झाली की अंडी घरंगळणार, भिंतीवर आपटणार आणि संपणार.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मला दुसरं काही नको. दोन्ही टोकं सारखी ठेवा आणि नट आवळा."

तुळई चढली. पूर्वेला एक खांब, पश्चिमेला एक, वर पानांचं छप्पर. गजाक्काने सोंडेने दांडे फिरवले. दत्तोबा फटीला कान लावून बसला.

"अंडी पूर्वेकडे चाललीत," आतून आवाज यायचा. "आता पश्चिमेकडे. आता थोडं... थांबा! हलत नाहीत. अहो, अगदी जागच्या जागी आहेत!"

"साहेब, आवळा नट!" दत्तोबा ओरडला.

"आवळा कसं? उद्घाटन व्हायचंय," शेपटेसाहेब म्हणाले. "मान्यवर दांडा फिरवतील. तोच तर मान."

"पण तुळई सरळ आहे!"

"म्हणूनच. वाकडी असती तर कुणी फोटोला उभं राहिलं नसतं."

पहिला मान सर्जेराव रानडुकराचा. पूर्वेचा खांब त्याच्या हद्दीत येत होता. त्याने दांड्याला असा जोरकस फेरा दिला की पूर्वेचं टोक टरकन वर गेलं. टाळ्या झाल्या.

"अहो, पश्चिमेला पळाली!" कावेरीबाई आतून ओरडल्या.

पश्चिमेचा खांब अप्पासाहेब अस्वलाच्या हद्दीत. त्याने वर पाहिलं आणि त्याचे केस ताठ झाले.

"म्हणजे आम्ही काय यांच्या खाली राहायचं?"

त्याने दोन फेरे दिले.

"अहो, पूर्वेला!"

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. रोज कुणीतरी पाहुणा यायचा. सर्जेरावाचा पाहुणा पूर्व वर करायचा, अप्पासाहेबाचा पाहुणा पश्चिम वर करायचा. तरस येऊन गेला, सांबर येऊन गेलं, शेजारच्या जंगलातला निवृत्त लांडगा पत्नीसह येऊन गेला. प्रत्येकाने फेरा दिला, प्रत्येकाने चार शब्द सांगितले, आणि ते चार शब्द कधीच चार नव्हते.

"नट कधी आवळणार?" दत्तोबा रोज विचारायचा.

"अरे बाबा," शेपटेसाहेब रोज समजावायचे, "आज नट आवळला तर उद्याच्या पाहुण्याने फिरवायचं काय? तुझं डोकं?"

आत कावेरीबाई अंडी राखता राखता थकल्या. "एक पंखाखाली धरते तर दुसरं निसटतं," त्या म्हणाल्या. "अहो, आज एकाला चीर गेलीय."

दत्तोबाच्या चोचीतलं उंबर खाली पडलं. "खोल?"

"अजून नाही. पण असं आणखी चाललं तर..."

दत्तोबा थेट राजाकडे गेला. राजाने चौकशीचा हुकूम दिला. शेपटेसाहेबांनी तुळईवर लेव्हलपट्टी ठेवली. तिच्यातला पाण्याचा बुडबुडा धावत एका टोकाला जाऊन बसला. साहेबांनी पट्टीच्या एका टोकाखाली खडा सरकवला. मग आणखी एक खडा. बुडबुडा मधोमध आला.

"समतल!" साहेब म्हणाले.

"खडा काढा!" दत्तोबा किंचाळला.

"खडा हा यंत्रणेचा भाग आहे," साहेब म्हणाले. चौकशी संपली.

त्या दिवशी दत्तोबा वडाच्या फांदीवर बसून खूप चिडला. चिडून झाल्यावर त्याने विचार केला. क्रम उलटा असायला हवा होता, पण असू दे. इथे सरळ तुळई कुणालाच नको आहे, हे त्याच्या लक्षात आलं. सगळ्यांना मान हवा आहे. मग मानच देऊ.

तो राजासमोर जाऊन वाकला.

"महाराज, एक बोलू? फेरा काय, कुणीही देतं. काल रानमांजरानेसुद्धा दिला. पण आपल्या योग्यतेचा मान अजून कुणी घेतलाच नाही."

राजाने एक डोळा उघडला. "कोणता?"

"शेवटचा. नट आवळायचा. तो एकदा आवळला की नंतर दांड्याला कुणी हात लावू शकत नाही."

"कुणीच?"

"कुणीच. महाराजांच्या नंतर कोण?"

"महाराजांच्या नंतर कोण," राजाने ते वाक्य तोंडात घोळवून पाहिलं. त्याला ते फार चविष्ट लागलं. त्याने दुसरा डोळाही उघडला.

मोठा समारंभ झाला. समारंभात गजाक्काने दांडे फिरवले, दत्तोबाने कान लावला, कावेरीबाईंनी आतून "थांबा!" म्हटलं, आणि त्याच क्षणी राजाने तोंडात पान्हा धरून दोन्ही नट करकचून आवळले. मग त्याने सभागृहात पहिली जांभई दिली. ती घुमली नाही. पण प्रधानांनी पाठोपाठ जांभया दिल्या, त्यामुळे घुमल्यासारखी वाटली.

"अहो," आतून कावेरीबाई म्हणाल्या, "मी आता जरा डोळे मिटते हं."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण सर्जेराव आणि अप्पासाहेब अजून घरी गेले नव्हते. दोघे आपापल्या खांबाखाली उभे राहून वर बघत होते.

तुळई समतल होती. म्हणजे सर्जेराव अप्पासाहेबाच्या वर नव्हता. अप्पासाहेब सर्जेरावाच्या वर नव्हता. असा अपमान दोघांचाही आजवर झाला नव्हता.

दांड्याला हात लावायची सोय नव्हती, कारण नट महाराजांचा. सर्जेराव आपल्या माणसांना म्हणाला, "आपलं टोक वर जात नाही ना? मग त्यांचं खाली नेऊ." नेमकं त्याच वेळी अप्पासाहेबही आपल्या माणसांना तेच सांगत होता. मोठ्यांचे विचार असे जुळतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी दरबार पेंगत असताना रानडुकरं पश्चिमेच्या खांबाशी गेली आणि सुळ्यांनी माती उकरू लागली. अस्वलं पूर्वेच्या खांबाशी गेली आणि नखांनी उकरू लागली.

दत्तोबाने वरून पाहिलं आणि त्याचा जीव उडाला.

"सर्जेराव! अहो, खांब खचेल!"

"खचू दे. त्यांचा आहे."

तो दुसरीकडे झेपावला. "अप्पासाहेब! खांब जाईल!"

"जाऊ दे. आमचा नाही."

"पण दोघांवर तुळई एकच आहे! तिच्यात माझी बायको आहे!"

"तुळईशी आमचं वैर नाही," अप्पासाहेब माती उडवत म्हणाला. "आमचं भांडण खांबाशी आहे. वहिनींना नमस्कार सांगा."

मग, बाळांनो, त्या जंगलात कधी न घडलेली गोष्ट घडली. दोन्ही बाजू मनापासून काम करू लागल्या. डुकरं थोडं उकरायची, मान वळवून अस्वलांकडे बघायची, आणि तेवढंच आणखी उकरायची. अस्वलंही तेच करायची. मागे राहायला कुणीच तयार नव्हतं. कुणी पाणी प्यायला गेलं नाही. कुणी रजा मागितली नाही.

दत्तोबाला काही सुचेना. तो तुळईवर बसला, फटीला कान लावला, डोळे घट्ट मिटले आणि अंडी फुटल्याचा आवाज यायची वाट बघू लागला.

"अहो," आतून कावेरीबाईंचा पेंगुळलेला आवाज आला.

"काय झालं?" दत्तोबाने डोळे न उघडताच विचारलं.

"काही नाही. आज किती छान वाटतंय. पाळण्यात घातल्यासारखं."

"अंडी?"

"जागच्या जागी. जरासुद्धा हलली नाहीत. एवढं जपून कोण काम करतंय हो?"

दत्तोबाने डोळे उघडले. जमीन हळूहळू वर येत होती. म्हणजे तुळई खाली चालली होती, पण दोन्हीकडून अगदी सारखी. पूर्वेची मूठभर माती गेली की पश्चिमेची मूठभर जात होती. अशी कारागिरी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

छप्पर जमिनीला टेकायला आलं तेव्हा डुकरं आणि अस्वलं थांबली. दोन्ही खांब खड्ड्यात होते. सभागृह सिंहाच्या गुडघ्याएवढं उरलं होतं. राजाने आवळलेले नट मात्र होते तस्सेच, घट्ट.

राजा आला. शेपटेसाहेबांनी पुढे होऊन तुळईवर लेव्हलपट्टी ठेवली. बुडबुडा मधोमध आला आणि तिथेच थांबला. या वेळी खडा लागला नाही. साहेबांना स्वतःलाच धक्का बसला.

"महाराज," ते ओरडले, "समतल!"

"पण उंची?" राजा गुरगुरला.

"उंचीचं हुकुमात नव्हतं, महाराज. शिवाय आता आत येणारा प्रत्येक जण आपोआप वाकेल. सांगावंसुद्धा लागणार नाही."

राजाने क्षणभर विचार केला आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने साहेबांना शाल दिली. मग, पहिला मान आपलाच, म्हणून तो पोटावर पडला आणि रांगत सभागृहात शिरला. आत त्याने जांभई दिली. जागा इतकी चिंचोळी की जांभई खरोखर घुमली. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला.

दत्तोबा जमिनीवर उभा राहून फटीतून उंबरं भरवत होता. आता उडायचीही गरज उरली नव्हती.

"अहो, बाहेर कोण खरडतंय?"

"महाराज आत जातायत."

"रांगत?"

"रांगत."

"त्यांना म्हणावं जरा हळू रांगा," कावेरीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "चीर गेलेल्या अंड्यातून कुणीतरी चोच मारतंय."

तात्पर्य : बाळांनो, जंगलात एकजूट हवी. दोन्ही बाजू सारख्याच निष्ठेने एकमेकांचे पाय उकरत राहिल्या, की छप्पर अगदी समतल राहतं आणि एकही अंडं फुटत नाही. छप्पर जमिनीपासून किती उंच आहे, असला खोचक प्रश्न विचारू नये. त्यापेक्षा वेळेवर रांगायला शिकावं. जांभईसुद्धा घुमते.