मधल्या कडव्याची हकीकत

श्रीवाग्देवी प्रसन्न. तान्हे मूल निजले असता, ते जागे होईल या धास्तीने उभ्या उभ्या लिहिली ही हकीकत ऐसी जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, एका गल्लीत लुईस काका बारवाले राज्य करीत होते. राज्य म्हणजे चौदा टेबले, एक काउंटर आणि कोपऱ्यात वीतभर उंच मंच. दर शनिवारी दिवेलागणीस तेथे गाणी होत, आणि काकांची सक्त ताकीद ऐसी की सिनेमातले गाणे म्हणू नये, ज्याने त्याने आपले स्वतः रचिलेले म्हणावे, आणि कोणी गिऱ्हाईक फर्माईश करू लागले तर काका जातीने शेंगदाणे नेऊन देत व म्हणत, "हे खा, तोवर ऐका." या दरबारी निहालराव गिटारवाले यांची फौज नामांकित, आणि तीत शाल्मलीबाई गात. बाईंनी कॉलेजात असता रचिलेले गच्चीचे गाणे रयतेस तोंडपाठ जाहले होते. मग बाई प्रसूत जाहल्या, कन्यारत्न जाहले, आणि बारसमोरच तिसऱ्या मजल्यावर मुक्काम असोनही आठ महिने बाईंस शनिवारची गल्ली ओलांडणे घडले नाही. तेव्हा फौजेने रिवाज पाडिला की मधले कडवे बाईंचे, ते कोणी गावयाचे नाही. बाकीचे निहालरावांनी म्हणावे, आणि मधले आले की वाद्ये तेवढी चालू ठेवावी, बाईंचा माईक रिकामा उभा असावा, आणि रयतेने गप्प बसावे. आणि वर गॅलरीत बाईंनी लेकीस खांद्यावर घेऊन, तिच्या मानेत तोंड खुपसोन, तेवढे कडवे दबक्या आवाजात म्हणावे. हे खाली कोणास ठाऊक नव्हते.

मग मार्गशीर्ष मासी निहालरावांचा खलिता फोनवर आला: "शालू, एक मुलगी आलीय, ईशानी म्हणून. चांगली गाते. मधलं कडवं तिला देऊ का? तू हो म्हणालीस तरच. नाहीतर आहे तसं राहील." बाईंनी तो सात वेळा वाचोन फोन यजमान सुजितरावांपुढे धरिला. ते बोलिले, "तूच जा की गायला. मी बघतो हिला."

"बाटली घेत नाही ती."

"घेईल."

"आणि नाही घेतली तर?"

"तर रडेल थोडी. तू काय गाव सोडून चालली आहेस? समोर तर आहे."

मग शनिवारी बाईंनी स्वारीची तयारी केली. ठेवणीतला निळा कुडता काढिला, दूध काढोन बाटलीत भरिले, सुजितरावांच्या फोनात डॉक्टरांचा नंबर असताही तो कागदावर लिहोन भिंतीस चिकटविला, खिडकीची कडी दोनदा आणि गॅस तीनदा पाहिला, आणि तीन जिने उतरोन कूच केले. काका दारातच भेटले. म्हणाले, "ये गं बाय. माईक तिथंच आहे तुझा." इतक्यात आत निहालरावांनी गच्चीच्या गाण्याचे पहिले सूर छेडिले, आणि बाईंस तिसऱ्या मजल्यावरोन रडणे ऐकू आले. काका कान देऊन म्हणाले, "मला तर काही ऐकू येत नाही." बाई बोलिल्या, "तुम्हाला नाही येणार काका," आणि कुडता पुढोन भिजला तो ओढणीने झाकोन तशाच माघारी फिरल्या. वर येऊन पाहतात तो लेक सगळी बाटली संपवोन निजली होती, आणि सुजितराव ओठांवर बोट ठेवोन उभे होते. बाई बिछान्याच्या कडेस बसोन राहिल्या. लेक रडली असती तर बरे होते, ऐसे त्यांचे मनी आले, आणि आले याची त्यांस लाज वाटली. मग निहालरावांस लिहिले, "दे तिला."

पुढील शनिवारी ईशानीबाई मंचावर आल्या. बाई लेकीस कडेवर घेऊन कठड्याशी ऐकत राहिल्या, कोठे चुकते ते पाहावे या आशेने. चुकले नाही. आवाज मोकळा, बाईंहून एक पट्टी वर. मग ती ओळ आली, "चादर अजून ओली आहे, तू ये, मग आपण घडी घालू," आणि ईशानीबाईंनी "आपण" म्हणोन मध्येच श्वास घेतला आणि मग "घडी घालू" म्हटले. गाण्यात तेथे श्वास नाही, ओळ एका दमात जावयाची. परंतु फौजेने या गाण्याचे रेकॉर्डिंग केले तेव्हा बाईंस आठवा महिना, लेकीने आतोन बरगडीखाली पाय रोविला होता, दम पुरेना, म्हणोन तेथे ओळ तुटली. ईशानीबाईंनी त्या रेकॉर्डिंगवरोनच गाणे उचलिले, आणि ती धाप हीच चाल समजोन बिनचूक घेतली.

गाणी आटोपताच निहालरावांचा फोन आला. "कशी वाटली?"

"छान आहे."

"काही चुकत असेल तर सांग म्हणतेय. घाबरलीय तुला."

लेक बाईंचा कान ओढीत होती, तो बाईंनी सोडविला. मग बोलिल्या, "'आपण'नंतर श्वास घेते ना, तो तसाच ठेव म्हणावं."

येणेप्रमाणे मधले कडवे ईशानीबाईंकडे गेले, आणि माईक रिकामा ठेवण्याचा रिवाज मोडिला. शाल्मलीबाई अद्याप शनिवारी गॅलरीत उभ्या राहतात. कडवे आता म्हणत नाहीत, तेवढा श्वास मात्र घेतात.